पाच टोपल्यांची एक जागा

मी निवृत्त झाल्यावर सुरतेच्या माझ्या व्याह्यांनी विचारलं, "नगरपालिकेत तुमच्याकडे नेमकं काय काम होतं?" मी म्हटलं, "रेघा मारायचं." त्यांना तो विनय वाटला. विनयाचा गुण देवानं मला दिलेला नाही. एकोणीस वर्षं दर गुरुवारी सकाळी मी चुन्याचा डबा आणि गाठी मारलेली दोरी घेऊन आनंदनगर कॉलनीच्या रस्त्यावर उभी राहायची आणि रेघा मारायची. या कामानं मला पगार दिला, पेन्शन दिली आणि दोन्ही गुडघ्यांचं दुखणंही दिलं.

गावाचं नाव लिहीत नाही. नंदुरबार जिल्ह्यातलं, सुरतेच्या रेल्वेवरचं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर एखादा लॉरीवाला हा अंक हातात घेऊन माझ्या दारात उभा राहील आणि म्हणेल, मॅडम, माझ्याबद्दल एवढंच?

लॉरी म्हणजे आमच्याकडे हातगाडी. आनंदनगर ही शिक्षक, तलाठी, बँकवाले, एसटीवाले अशा नोकरदारांची वस्ती. गावाचा आठवडे बाजार इथून लांब पडतो, म्हणून सुरुवातीला दोन भाजीवाल्या कॉलनीच्या रस्त्याला बसू लागल्या. मग कांदेबटाट्याच्या लॉऱ्या आल्या, मग मसालेवाला, मग बांगड्या आणि प्लास्टिकच्या बादल्या. दर गुरुवारी मारामाऱ्या होऊ लागल्या तेव्हा नगरपालिकेनं हा बाजार रीतसर मान्य केला आणि तो सांभाळायला मला पाठवलं. बाकीचे सगळे त्या दिवशी रजेवर होते.

काम असं. दोरीला दर चार फुटांवर गाठ. जमिनीवर टोपली घेऊन बसणाऱ्याला एक गाठ जागा, लॉरीला दोन गाठी. मधून माणसं चालण्यापुरती वाट, आणि प्रत्येक घराच्या फाटकापुढे मोकळं. हे ऐकायला सोपं आहे. पण मी रेघ मारून पुढे सरकले की मागे कुणीतरी चपलेनं ती पुसायचं आणि चार बोटं पलीकडे चुन्याची नवी रेघ यायची. शेजारचा मग आपली चार बोटं त्याच्या पुढच्याकडून वसूल करायचा. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्या चार बोटांचे दोन फूट झालेले असायचे आणि शेवटच्या माणसाचा एक पाय गटारात. माझी खरी नोकरी ही चार बोटांची होती.

या विद्येत पारंगत म्हणजे भटू. कांदेबटाटे विकायचा, सगळ्या लॉरीवाल्यांचा पुढारी, आणि कॉलनीच्या मागच्याच गल्लीत राहायचा. त्याला रंगेहाथ पकडलं तरी तो शांतपणे अहिराणीत म्हणायचा, "मॅडम, रेघ मी नही पुसी. रेघच तठून निंघी गई." मी रागवायचे आणि मनात हसायचे. असा माणूस बाजारात एकच असावा, पण असावा.

दुसरे रतिलालभाई. कॉलनीच्या तोंडाशी त्यांचं किराणा दुकान. ते मला बेन म्हणायचे आणि दर महिन्याला एकच तक्रार घेऊन यायचे. "बेन, बाजार भरू द्या, माझी ना नाही. फक्त माझ्या ओट्यासमोर नको." एकदा मी खरंच त्यांच्यासमोरच्या चार लॉऱ्या उचलून पलीकडे नेल्या. दोन गुरुवार ते ओट्यावर एकटे बसले. तिसऱ्या गुरुवारी मी पोचण्याआधीच ते हातात चुना घेऊन स्वतःच्या दारापुढे वाकलेले होते. मला बघून म्हणाले, "तुमचे गुडघे दुखतात ना, म्हटलं थोडी मदत करावी."

तिसरे भामरे सर. सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या फाटकाशेजारी रस्त्यावर मोठा कडुनिंब, म्हणजे बाजारातली एकुलती एक सावली. त्या सावलीत कोण बसतं हा त्यांच्या अर्जांचा कायमचा विषय. अर्ज मात्र फार सुंदर अक्षरात असत. मी ते जपून ठेवले आहेत.

आणि त्या सावलीत पाच जणी बसायच्या. चिंचपाड्याच्या पलीकडच्या डोंगराकडून यायच्या. सकाळच्या जीपनं यायचं, दुपारी चारच्या जीपनं जायचं. त्यानंतर तिकडे वाहन नाही. टोपलीत जे पिकलं आणि जे रानात मिळालं ते. तुरीच्या ओल्या शेंगा, वालपापडी, आवळे, गावठी अंडी. तराजू नाही. पळसाच्या पानावर वाटे मांडलेले. आमचा भाग कोंबड्यांच्या पोल्ट्र्यांनी भरलेला आहे, तरी आनंदनगरची मंडळी त्यांच्या टोपलीतल्या गावठी अंड्यांसाठी आपसात भांडायची.

त्यांच्यात सेगीबाई बोलकी. तिला मराठी येई, अहिराणीही कामापुरती. त्या मराठीत कलेक्टरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना "तू". बाकीच्या चौघी घरातली कोकणीच, म्हणजे तिकडच्या डोंगरातल्या आदिवासींची बोली, बोलायच्या, म्हणून पाचही टोपल्यांचा सौदा तीच करायची. आणि एक गंमत होती. गिऱ्हाईक सेगीबाईपुढे उभं राहून शेंगा मागू लागलं की ती शेजारच्या टोपलीकडे बोट दाखवायची. "आधी तिचं घे." स्वतःची टोपली भरलेली असताना. मी हे कित्येक वर्षं ऐकलं आणि कित्येक वर्षं ऑफिसात चहाच्या वेळी सांगितलं, की बिचाऱ्यांना धंदा कळत नाही. लोक हसायचे. मीही हसायचे. आज ते आठवलं की कान गरम होतात.

एका वर्षी दिवाळीनंतर तिन्ही बाजूंनी तक्रारी एकदम आल्या. भटू म्हणाला, "त्या बाया पाच जनी फैलीसन बसतस. सावली सगळी त्यासनीच काय? मन्हा कांदा उन्हामा." रतिलालभाई म्हणाले की तिथल्या गर्दीमुळे त्यांच्या दुकानापर्यंत स्कूटर येत नाही. भामरे सरांचा अर्ज दोन पानी होता. शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं: "सबब, जागावाटपात कोणतेही तत्त्व दिसून येत नाही."

मला तत्त्व नाही म्हणजे काय? मी पेटले. पुसली जाणारी रेघ हेच सगळ्या भांडणाचं मूळ, असं ठरवून मी ऑइलपेंटचे दोन डबे मंजूर करून घेतले. रस्त्यावर बत्तीस जागा पक्क्या आखल्या, पिवळ्या रंगात, नंबर टाकून. एक नंबर, एक नाव, आणि वाटप चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठ्या भामरे सरांनी काढायच्या, कारण ते तक्रारदार असले तरी माणूस सचोटीचा. सगळ्यांसमोर स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. भटूला पाच नंबर, निंबाच्या सावलीतला. त्यानं तिथल्या तिथे नारळ फोडला आणि पिवळ्या पाचाला झेंडूचा हार घातला. पाच जणींपैकी सेगीबाईला चार नंबर, इतरांना अकरा, एकोणीस, सव्वीस. सगळ्यांत अबोल रेमाबाईला बत्तीस, रस्त्याच्या पार शेवटी, गटाराच्या वळणावर.

साहेबांनी माझं कौतुक केलं. कुणीतरी फोटो काढला. त्यात मी ब्रश धरून उभी आहे आणि चेहऱ्यावर जे समाधान आहे ते बघवत नाही.

पुढच्या गुरुवारी मी स्वतः एकेकीला तिच्या नंबरावर नेऊन बसवलं. त्या पाच जणी टोपल्या डोक्यावर घेऊन निंबाखाली गोळा झाल्या होत्या आणि हलत नव्हत्या. सेगीबाई म्हणाली, "आम्ही इथेच बसतो." मी म्हटलं, "आता सगळ्यांना सारखा नियम आहे." दुपारी मी फेरी मारली तेव्हा रेमाबाई बत्तीस नंबरच्या चौकोनात अंग चोरून बसली होती, पायसुद्धा पिवळ्या रेघेबाहेर जाऊ नये म्हणून. वाटे सकाळी मांडले तसेच. लोक भाव विचारायचे, ती बघत राहायची, लोक पुढे जायचे. मला वाटलं, सवय होईल हळूहळू. मी पुढे गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी पाचही जणी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. भटूनं आठवडाभरात चार नंबरवर पाय पसरले. मला वाटलं, चला, एक कटकट मिटली.

महिनाभरानं पहिले आले भामरे सर. हातात अर्ज नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर. घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, सौभाग्यवतींना त्या ओल्या तुरीच्या शेंगांची आमटी फार प्रिय आहे. त्या महिला हल्ली दिसत नाहीत." मी म्हटलं, "सर, तुमच्या फाटकाची अडचण दूर झाली." ते म्हणाले, "फाटक खाता येत नाही."

मग रतिलालभाई. पाचही जणी जीप पकडण्याआधी मीठ, तेल, गूळ, साबण त्यांच्याकडून घ्यायच्या. शिवाय त्या पाच जणींकडे भाजीला आलेल्या कॉलनीतल्या बायका जाताना दुकानात डोकावायच्या. आता कुणीच डोकावत नव्हतं. "बेन," ते म्हणाले, "स्कूटर येते आता थेट ओट्यापर्यंत. पण तिच्यावर कुणी बसलेलं नसतं."

शेवटी भटू. तो आला तो माझ्या टेबलाशी नुसताच उभा राहिला, आणि भटू गप्प म्हणजे मला धसकाच बसला. "मॅडम, त्या बाया कवय येतीन?"

"का रे? सावली मिळाली ना तुला?"

"सावली मिळनी. पन गिऱ्हाईकच येत नही. गावठी शेंगा लेवाले लोके येयेत, नि जाता जाता मन्हा कांदा लेयेत. आते मन्हा कांदा तसाच पडेल शे."

तिघांच्या तक्रारींमध्ये तोल साधायचा म्हणून मी ज्यांना हलवलं, त्यांच्यावरच तिघांचा तोल उभा होता. आणि त्या पाच जणींनी कधी तक्रारच केली नव्हती, म्हणून त्यांचं काय म्हणणं आहे हे मी विचारलंही नव्हतं.

मी रजा टाकली आणि जीपनं निघाले. चिंचपाड्याच्या पुढे उतरून अर्धा तास चालल्यावर सेगीबाईचं घर. ती अंगणात तुरी वाळत घालत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल, दाखवलं नाही. खाट ओढली.

"आलीस? बस."

पाणी पिऊन मी विचारलं, "बाजारात का येत नाही तुम्ही?"

"आमची जागा कुठे आहे?"

"पाच जागा आहेत. पाचही तुमच्या नावावर लिहिल्यात मी."

"पाच नको. एक दे."

मला काही कळेना. मी पुन्हा समजावू लागले की एकेकीला स्वतंत्र जागा म्हणजे फायदाच आहे. तिनं मला बोलू दिलं. मग हात वर करून समोरचा डोंगर दाखवला. "रेमाचं घर त्याच्या मागे. जीपमधून उतरून ती अजून दोन तास चालते. वेचीचं घर नाल्यापलीकडे. माझं घर हे, रस्त्याला. म्हणून आधी रेमाचं टोपलं रिकामं करायचं. मग वेचीचं, मग बाकीच्या दोघींचं. माझं शेवटी. जिचं घर लांब तिचं आधी. नाही तर ती अंधार पडायच्या आत घरी कशी पोचेल?"

"आधी तिचं घे," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते शब्द पहिल्यांदा नीट ऐकले.

"तेच. तू आम्हाला लांब लांब बसवलंस. बत्तीस नंबरवर गिऱ्हाईक मी कसं पाठवू? मला तिथलं दिसत पण नाही."

मी विचारलं, त्या दिवशी काय झालं. ती तुरी चाळत म्हणाली, चार वाजले तेव्हा रेमाची टोपली निम्मी भरलेली होती. जीपवाला थांबला नाही.

"मग तुम्ही चौघी तरी जायचं होतं."

"तिला ठेवून?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाटेची दोरी मोजू लागले.

"मग कशा आलात?"

"चालत."

एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि असता तर मला बरं वाटलं असतं. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना जागेवरून उठवलं आहे, पोलीस आणूनही उठवलं आहे, आणि त्याचं मला काही वाटलेलं नाही. या पाच जणींना मात्र मी कौतुकानं हाताला धरून त्यांच्या नंबरावर बसवलं आणि त्यांचा बाजार मोडला. ती चूक माझी, एकटीची. इथे लिहून ठेवते.

परत आले ती एकच हिशेब डोक्यात घेऊन. पाच टोपल्या निंबाखाली दाटीनं बसल्या तरी चार आणि पाच, दोन्ही जागा लागणार. चार सेगीबाईचीच होती. पाच भटूची, चिठ्ठीत निघालेली, नारळ फोडलेली. नियमानं मी ती काढून घेऊ शकत नव्हते. मी त्याला गाठलं आणि डोंगर, जीप, दोन तासांची वाट, सगळं सांगितलं. त्यानं कांद्याची सालं झटकत ऐकून घेतलं.

"म्हंजे त्या मांगे राहीसन रेमाना माल आधी इकतस?"

"हो."

"नि माले वाटे, त्यासले धंदा समजत नही." त्यानं पिवळ्या पाचाकडे बघितलं. "पन मॅडम, नारळ फोडेल शे मी तठे."

"दुसरा मी आणते."

"नही. मीच आनस. देवले सांगनं पडी ना, जागा का सोडी ते."

पुढच्या गुरुवारी त्यानं खरंच दुसरा नारळ आणला. पाच नंबरवर फोडला, पहिला तुकडा रेमाबाईच्या हातावर ठेवला आणि लॉरी ढकलत निघून गेला. माझे डोळे भरून आले. मी चुना गेला म्हणून पुसले, आणि त्या दिवशी चुना मी आणलाच नव्हता.

पण हे प्रकरण एवढ्यावर मिटलं तर बाजार कसला. दोन आठवड्यांत सगळ्यांच्या लक्षात आलं की निंबाखाली गर्दी परतली, आणि ज्या लॉरीवाल्यांना त्या बाया शेजारी नको होत्या, त्यांना आता त्यांच्या शेजारचीच जागा हवी होती. सहा नंबरसाठी चार अर्ज आले. चिठ्ठ्यांवरचा माझा विश्वास उडालेला होता. मी जाहीर केलं की लॉऱ्यांनाही आता तोच नियम. जो लांबून येतो, तो निंबाच्या जवळ. जो जवळ राहतो, त्याची लॉरी टोकाला.

या नियमानं भटू बत्तीस नंबरवर जायला हवा होता, कारण त्याचं घर मागच्याच गल्लीत. दुसऱ्याच गुरुवारी तो गंभीर चेहऱ्यानं आला. "मॅडम, मन्हा पत्ता बदली ल्या. गुरुवारना दिन मी सासरे ऱ्हास, खांडबाराले. तठून येस मी."

"लॉरी घेऊन? खांडबाऱ्याहून?"

"लॉरी आठेच ऱ्हास. मी तठून येस. इचारा मन्हा सासराले."

मी सासऱ्यांना विचारलं नाही. बारा नंबर दिला. अर्ध्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला तेवढं योग्य वाटलं.

रजिस्टरात मात्र घोळ झाला. एक नंबर, एक नाव हा नियम माझाच. मी लिहिलं, चार आणि पाच, सेगीबाई व इतर. सेगीबाईनं ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "माझं का आधी? रेमाचं लिही." मग मी एका रकान्यात पाचही नावं लिहिली, रेमाबाई पहिली, सेगीबाई शेवटी. अक्षर इतकं बारीक झालं की सही करताना साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला आणि न वाचताच सही केली.

निवृत्त झाल्यावर मी लेकीकडे सुरतेला राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी यावं लागलं, तेव्हा मुद्दाम गुरुवार धरला. पिवळे नंबर झिजलेत. माझ्या जागी आलेली मुलगी पुन्हा चुना वापरते, आणि मी तिथे उभी असतानाच कुणाच्या तरी चपलेनं चार बोटं रेघ सरकली. बारा नंबरवरून भटूनं हात केला.

निंबाखाली गर्दी होती. पाच टोपल्या, पळसाची पानं, शेंगांचे वाटे. पुढे भामरे सर कापडी पिशवी घेऊन उभे. मी इतर गिऱ्हाइकांसारखी त्यांच्या मागे उभी राहिले. सेगीबाईनं मान वर करून मला ओळखलं.

"कुठे असतेस आता?"

"सुरतेला. चारच्या गाडीनं परत जायचंय."

तिनं शेजारी बघितलं आणि कोकणीत काहीतरी सांगितलं. रेमाबाईचे हात भामरे सरांच्या पिशवीत शेंगा टाकता टाकता थांबले. इतक्या वर्षांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं सरांच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोडक्यातोडक्या मराठीत सेगीबाईला म्हणाली, "आधी हिला दे. हिचं घर लांब."

भामरे सर एक पाऊल बाजूला सरले. मी पुढे होऊन पिशवी उघडली.